एका गिरणीत दोघं

लोहाऱ्याच्या सूतगिरणीतला माझा पहिला दिवस. नवी कार्मिक अधिकारी म्हणून ऐटीत कताई खात्यात शिरले आणि दारातच एकाच्या खांद्यावर आदळले.

"म्याडम, तुमच्या केसात कापूस अडकला," तो म्हणाला.

"मग काढा ना."

"हात तेलाचे हायेत… उद्या काढतो."

हा अक्षय, कळंबचा, खात्याचा सुपरवायझर. त्या 'उद्या'ची मी मनापासून वाट पाहिली, खोटं कशाला बोलू?

पण गिरणीचा जुना नियम होता – नवरा-बायकोनं एकत्र इथं काम करायचं नाही. लग्न झालं की एकानं जायचं, आणि जायची ती मुलगीच. दर लग्नसराईत कसलेले हात कमी व्हायचे. नव्या मुलींना तुटलेला धागा जोडता येईपर्यंत साचे – कताईची यंत्रं – नुसते उभे. त्यात कापसाची ती वाईट वर्षं. आसपासच्या गिरण्यांना कुलपं लागत होती. पुढची पाळी आमची होती.

खात्यातली सगळ्यात चपळ मुलगी कोकिळा. गिरणीतल्याच फिटरशी लग्न ठरल्याचे पेढे द्यायला आली आणि रडायलाच लागली.

"साहेबाले सांगा न, हा नियम काढा म्हणून," अक्षय मला म्हणाला. "तुम्ही काहून चूप हाये?"

"तुला नाही कळायचं," मी म्हटलं. कसं सांगणार? नियम गेला तर आधी फायदा माझाच होता.

सोमवारच्या बैठकीत व्यवस्थापक पुंडलिकरावांनी अक्षयलाच धारेवर धरलं. "साचे काहून बंद?"

"काम शिकलेली माणसं जाऊन राह्यली, साहेब."

मी उठले. "साहेब, माणसं जात नाहीत, आपण घालवतो. तो नियम काढा. आणि… यात माझाही स्वार्थ आहे."

"तुमचा कायचा?"

"मला अक्षयशी लग्न करायचंय. त्याला अजून विचारलेलं नाही."

अक्षयचे कान लाल झाले. पुंडलिकरावांनी चष्मा काढला, आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमच्यातलं एकही गेलेलं मले परवडत नाही," ते म्हणाले. "कोकिळाले थांबवा. या लग्नसराईत नियम बाजूले ठेवू. साचे चालले, तर कायमचा काढू."

बाहेर व्हरांड्यात अक्षयनं माझ्या केसांकडे हात नेला.

"कापूस आहे?" मी विचारलं. त्या दिवशी मी खात्यात पाऊलही टाकलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला… आणि हात तिथंच राहू दिला.