तीन डबे, चौथा दिवा

नेट गेलं म्हणून खाली आलात ना सगळे? बसा. केयूर, तो फोन उलटा ठेव बाबा, उजेड डोळ्यात जातो.

नेटचंच सांगतो. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण इथे हरणीला राहायला येण्याआधी शहराच्या दुसऱ्या टोकाला, अकोट्याला, एका खाजगी दवाखान्यासमोर माझी चहाची लारी, म्हणजे हातगाडी, एकवीस वर्षं होती. आत काय चालतं ते मला आतल्यांच्या आधी कळायचं. ही गोष्ट मला पिलाजीरावांनी सांगितली. ते त्या दवाखान्यात रात्रीचे पहारेकरी. त्यांचे आजोबा सरकारांच्या, म्हणजे महाराजांच्या, देवडीवर पहाऱ्याला होते. आमच्या घराकडे कधी कुणी बोट दाखवलं नाही, एवढी एकच गोष्ट ते अभिमानाने सांगायचे.

सन दोन हजार सात. देवदिवाळीच्या दोन दिवस आधीचा गुरुवार. रात्री साडेनऊला पिलाजीराव सायकल काढून एस.टी. स्टँडवर गेले. अहमदाबादच्या गाडीच्या कंडक्टरकडे एक पाकीट यायचं होतं. पाकिटात हातभर लांब, जाड तार. पाकीट घेतलं, पूल ओलांडला, आणि परत येताना नेहमीसारखे माझ्या लारीशी थांबले. अर्धा कप चहा घेतला. पाकीट मांडीवर.

मी म्हटलं, "बघू तरी कसली तार?"

"नको. सील आहे. आज माझ्या हाताला काही लागायला नको."

का नको, ते आधी समजून घ्या.

त्या दवाखान्यात गंभीर आजाऱ्यांच्या प्रत्येक खाटेशी एक यंत्र, आणि त्याचे ठोके वरच्या मजल्यावर सिस्टरच्या टेबलावरच्या पडद्यात दिसायचे. ठोका चुकला की घंटा वाजायची. हे सगळं खाली एका थंड खोलीतल्या चपट्या डब्यातून जायचं. त्याला स्विच म्हणतात. दिव्याचा खटका नव्हे, पुष्कळ तारा एकत्र करणारा डबा. पावसाळ्यापर्यंत तो एकच होता. ऑगस्टात एका रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी तो बंद पडला. पडदा तिथेच थांबला. नऊ नंबरच्या खाटेवरचा माणूस गेला, आणि टेबलावर वीस मिनिटं कुणाला कळलं नाही.

मग तीन डबे आणले. एकावर एक. पहिल्याची तार दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, आणि तिसऱ्याची परत पहिल्याला. मुली हात धरून फेर धरतात ना, तसं. एक हात सुटला तरी दुसऱ्या बाजूने फेर टिकतो. एक डबा मेला तर उरलेले दोन त्याचं काम उचलतात. वरच्यांना पत्ताही लागत नाही. त्यांच्या लेखी तो एकच डबा.

डबे बसले, आणि दसऱ्यापासून नवीनच सुरू झालं. रोज रात्री, तीन दहाला, फेर उघडायचा. काही क्षणांनी परत मिटायचा. वॉर्डात काही नाही. फक्त कंप्युटरमध्ये नोंद. कडी सुटली. कडी लागली.

मॅनेजरसाहेब म्हणाले, आज एक सुटते, उद्या दोन सुटतील, मग परत नऊ नंबर. खोलीची किल्ली फक्त पिलाजीरावांकडे. आणि दवाखान्यात कुजबूज होती की आता डबेच एकमेकांना सांभाळतात, रात्रीचा पहारेकरी हवा कशाला, जानेवारीपासून जागाच बंद. म्हणून लोक बोलायला लागले, मशीन बिघडलं तरच माणूस लागतो. साहेबांनी सांगून टाकलं. शुक्रवारी सकाळी निकाल. हात पिलाजीरावांचा निघाला तर घरी, आणि कागदावर तसं लिहून.

शर्वरी, त्यांनीच केलं असेल का, हे तू विचारतेस ते बरोबर आहे. मलाही तसंच वाटलं होतं. त्या रात्री कप देताना मी पिलाजीरावांच्या हाताकडे बघितलं. त्यांना ते कळलं. सायकल काढली नि गेले.

खोलीत शुभंकर बसला होता. डबे बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनियर, दांडिया बाजारचा आपल्यातलाच पोरगा, सव्वीस-सत्तावीसचा. त्याने पाकीट घेतलं, ट्यूबलाइटखाली धरलं, सील चारी बाजूंनी फिरवून बघितलं.

"काका, रस्त्यात कुठे थांबलात?"

"लारीवर. अर्धा कप चहा."

"पाकीट कुठे होतं?"

"मांडीवर." पिलाजीरावांनी स्टूल ओढलं. "शुभंकरभाई, मी पण एक विचारू? डबा तुमच्या कंपनीचा. डबाच खोटा निघाला तर तुमचं काय होईल?"

"मला काढतील."

"मग मी पण तुमच्या हाताकडे बघत बसणार."

"सारू, चालेल. बघा. दोघं बघू."

अकराला त्याने तिसऱ्याकडून पहिल्याला जाणारी जुनी लांब तार काढून नवीन लावली, दोष तारेचा असेल तर तोही जावा म्हणून. दाराला आतून कडी घातली. दोन स्टुलं, मध्ये टेबल, टेबलावर त्याचा लॅपटॉप आणि किल्ली. चार हात टेबलावर. समोर लोखंडी सांगाड्यात तीन डबे, तारा दिसतील असे वळवलेले. वर कौशल्या सिस्टरना सांगून ठेवलं होतं की आज तपासणी आहे, तीन वाजता प्रत्येक खाटेशी एक माणूस उभा ठेवा. पडद्याच्या भरवशावर राहू नका.

एक वाजता पिलाजीराव म्हणाले, "नाक खाजतंय. हात उचलू?"

"उचला. डावा."

दीड वाजता शुभंकर म्हणाला, "मला बाथरूमला जायचंय."

"चला. मी पण येतो."

"काका, तिथे तरी..."

"दार बाहेरून बंद करू, किल्ली दोघांनी धरू. मग चला."

अशी किल्ली दोघांनी दोन टोकांना धरून ते गेले आणि आले. पिलाजीराव हे सांगताना हसायचे. पुढचं सांगताना हसायचे नाहीत.

अडीच वाजले. खोलीत थंडी. पंख्यांचा एकसारखा आवाज, डब्यांच्या आतल्या. पिलाजीरावांची नजर शुभंकरच्या बोटांवर. शुभंकरची त्यांच्या.

तीन.

तीन पाच.

तीन दहा.

लॅपटॉपवर एक ओळ आली. फेर उघडला.

चार हात टेबलावर होते. तार जागची हलली नव्हती. तिचं टोक डब्यात घट्ट. दोघांनी बघितलं.

दुसरी ओळ आली. फेर मिटला.

शुभंकरने दोन्ही ओळींवर बोट फिरवलं. मग हळू म्हणाला, "काका... डबे चालू असताना साखळी दोनच कारणांनी उघडते. कुणी तार काढली तर."

"आणि?"

"...कुणाला आत घ्यायचं असेल तर. नवीन डबा जोडायचा म्हटला की हात सोडावा लागतो, त्याला मध्ये घ्यावं लागतं, परत हात धरावा लागतो."

तो उठला. पहिल्या डब्यावर एक बटण होतं. ते दाबलं की साखळीत जितके डबे, तितके हिरवे दिवे लागतात. आकडा वाचता न येणाऱ्यालाही कळावं असं. पिलाजीरावांनी मोजले.

एक. दोन. तीन.

चार.

परत दाबलं. चार.

तिघांत एक मोठा असतो, बाकीचे त्याचं ऐकतात. शुभंकरने लॅपटॉपवर बघितलं. मोठा होता चौथा.

"कुणीतरी डबा लपवलाय," तो म्हणाला. आता त्याचा आवाज चिरका झाला होता. "काका, खरं सांगा. कुठे ठेवलाय?"

"तुम्हीच सांगा. मला डबा आणून जोडता आला असता तर मी इथे पहारा करत बसलो असतो का?"

शोधलं. सांगाड्यामागे, छताच्या पत्र्यावर, फरशीखाली. काही नाही. शुभंकरने तारांची टोकं मोजली. तीन तारा, सहा टोकं, सहा भोकं. सगळी भरलेली. चौथ्याला हात धरायला जागाच नव्हती.

मग तो म्हणाला, "बंद करून बघतो. लपवलेला असेल तर सापडेल." वर फोन लावला. कौशल्या सिस्टर म्हणाल्या, माणसं खाटांशी उभी आहेत, करा.

पहिला डबा बंद केला.

"सिस्टर?"

"चालू आहे. ठोके दिसतायत."

दुसरा बंद केला. तिसऱ्याचं तसंच बटण दाबलं, दोन दिवे. तिसरा आणि चौथा.

"सिस्टर?"

"चालू आहे भाई."

शुभंकरने तिसऱ्याच्या विजेच्या तारेला हात घातला. पिलाजीरावांकडे बघितलं. पिलाजीरावांनी मान हलवली.

ओढली.

तिन्ही डबे काळे. एक दिवा नाही. आता पडदा थांबायला हवा होता.

"सिस्टर..."

"चालू आहे की. काय बंद केलंत तुम्ही?"

शुभंकरने फोन कानापासून लांब धरला. पिलाजीरावांनाही ऐकू येत होतं.

"भाई... नऊ नंबर कुणी जोडला? नऊवर कुणी नाहीये. गादीसुद्धा गुंडाळलेली आहे."

"...ठोके आहेत?"

"आहेत."

मग पलीकडून काही नाही. श्वास फक्त.

आणि त्या गप्पपणात पिलाजीरावांना ऐकू आलं. तिन्ही डबे मेलेले होते. तरी खोलीत एक पंखा चालू होता. बारीक. खालून. सांगाड्यात तिसऱ्या डब्याखाली वीतभर उंच जागा रिकामी. आरपार भिंत दिसत होती. पिलाजीराव वाकले. त्यात हात घातला.

गरम.

डबा काम करत असला की मागून वारा फेकतो ना... तसा. त्या थंडगार खोलीत. हाताला लागेल असं काही नाही. नुसता वारा. थांबून थांबून.

शुभंकरने तिन्ही डबे भराभर चालू केले. बटण दाबलं नाही. परत एकदाही नाही. सकाळपर्यंत दोघं दाराबाहेर पायरीवर बसले होते. कुणी कुणाच्या हाताकडे बघत नव्हतं.

आठ वाजता मॅनेजरसाहेब आले. शुभंकरने कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं, तार सैल होती, घट्ट केली.

साहेबांनी वाचलं. "रात्री नवीन तार लावली ना तुम्ही?"

"हो."

"नवीन तार सैल कोणी केली?"

शुभंकर खाली बघत होता. पोरगा वाईट नव्हता हो. पण चार दिवे लिहिले असते तर दारू पिऊन बसला होता म्हणून त्याची नोकरी गेली असती. त्याने एकदा पिलाजीरावांकडे बघितलं. डोळे भरून आले होते. तरी गप्पच.

साहेब पिलाजीरावांकडे वळले. "किल्ली द्या."

पिलाजीरावांनी किल्ली काढली. दिली. पंधरा वर्षं कमरेला होती. म्हणाले, "देतो साहेब. जातो पण. पण कागदावर माझं नाव घालायच्या आधी एकदा खोलीत या."

साहेब आत गेले. शुभंकर दारातच थांबला. पिलाजीरावांनी ती रिकामी जागा दाखवली.

"यात हात घाला."

"काय आहे त्यात?"

"काही नाही. घाला."

साहेबांनी बाही वर केली. हात घातला.

...

किती वेळ गेला ते पिलाजीरावांना सांगता यायचं नाही. साहेबांनी हात बाहेर काढला. रुमालाने पुसला. परत पुसला. शुभंकरचा कागद घडी करून खिशात घातला. मग किल्ली पिलाजीरावांच्या हातात ठेवली आणि इतकंच म्हणाले, "रात्री वेळेवर या. आणि वरती कुणाला बोलायचं नाही."

जागा बंद झाली नाही. निवृत्तीपर्यंत पिलाजीराव तिथेच होते. साखळी रोज उघडत राहिली, मिटत राहिली. त्यावर परत कुणी विचारलं नाही. वॉर्डातली घंटा मात्र त्यानंतर एकदाही बंद पडली नाही, असं कौशल्या सिस्टर सांगायच्या. कुणी सांभाळतं म्हणून, की कुणी लक्ष ठेवून बसलंय म्हणून... विहंग, भूत माणसाचं का डब्याचं ते मला काय माहीत. पिलाजीरावांनाही माहीत नव्हतं. ते म्हणायचे, मला त्याची भीती नाही वाटत, पण विश्वासही नाही बसत.

साहेबांनी त्याच दुपारी त्या रिकाम्या जागेवर लोखंडी पत्रा मारून घेतला. पांढऱ्या रंगाचा, चार स्क्रूंचा.

लारी बंद करायच्या आदल्या वर्षी पिलाजीरावांनी मला आत नेऊन तो पत्रा दाखवला. म्हणाले, हा तिसरा आहे. आधीचे दोन बदलले. मी वाकून मागून बघितलं. मागे काही नव्हतं. भिंत.

पुढून पत्र्याचा रंग एका जागी पिवळा पडला होता. तव्यावर पोळी करपते ना, तसा. डबा मागे असता तर डाग लांबट पडला असता. हा लांबट नव्हता. मी माझा उजवा पंजा त्यावर ठेवून बघितला. बोटं बरोबर बसली. अंगठा तेवढा बसेना.

त्याचा अंगठा दुसऱ्या बाजूला होता, आतून उजवा हात टेकला की पडेल तसा.