भिंतीतले भाडेकरू

राजाचा झगा खांद्यावर टाकून जिना चढायचा नसतो, ही अक्कल मला त्या दिवशी आली.

मी एका नाटक कंपनीत कपडे शिवते. लाल मखमलीच्या त्या झग्याला जरीची किनार लावायची राहिली होती, म्हणून तो घरी नेत होते. वळणावर वरून कोणीतरी उतरत होतं. मला तो दिसला नाही, त्याला मी दिसले नाही, आणि पुढच्या क्षणी तो अख्खा माणूस झग्याखाली गडप!

नेमक्या तेव्हाच आमच्या घरमालकीण काकू खालच्या दारातून ओरडल्या, “ऐकलंस का गं? पुढच्या महिन्यात करार संपतोय. नवा मी करणार नाही. खोली रिकामी कर. माझ्या घरात कारखाना चालवलेला मला खपायचा नाही!”

“कसला कारखाना, काकू? शिलाई मशीन तर कंपनीत आहे. घरी मी फक्त हातशिलाई—”

“मग भिंत का घुमते? खालचा भाडेकरू रोज कुरकुरतोय. मला शिकवू नकोस!” दार धाडकन बंद झालं.

मी मटकन पायरीवरच बसले. ही खोली गेली, की दादा-वहिनीकडे परत, दुसऱ्या गावाला. वहिनी प्रेमळ आहे हो... पण तिच्या घरात माझ्यासाठी बाहेरचा सोफा आणि चार स्थळं कायम तयार असतात. कंपनी सुटली असती, मखमल सुटली असती, मी स्वतः उभं केलेलं सगळंच सुटलं असतं.

“तोंडी सांगून भागत नाही,” झगा म्हणाला.

“क... कोण?”

“मी. आत आहे. मुदतीआधी लेखी नोटीस द्यावी लागते. त्यानंतरही तुम्ही राहिलात, तर त्यांना कोर्टात जावं लागतं. कुलूप लावता येत नाही, पाणी तोडता येत नाही. आणि... जरा उचलता का? श्वास कोंडतोय.”

मी झगा उचलला. विस्कटलेले केस, एकाच कानावर लटकणारा चष्मा, आणि त्याही अवस्थेत अगदी गंभीर चेहरा. रडायच्या बेतात असलेली मी खुदकन हसले.

तो एका भाडेकरू संघाचं काम करायचा आणि शेजारच्या बिऱ्हाडाच्या नळाची तक्रार पाहायला आला होता. दिवसा एका वकिलाकडे कारकून, संध्याकाळी कायद्याचा अभ्यास.

“म्हणजे वकीलच की!”

“अर्धा.”

“कोणता अर्धा?”

तो विचारात पडला. “वाचणारा झालाय. बोलणारा अजून व्हायचाय.”

झालं! माझ्यापुरतं त्याचं नाव अर्धे वकील पडलं ते पडलंच.

रविवारी दुपारी अर्धे वकील खोली बघायला आले. कारखाना नसल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हवं म्हणे. पाहण्यासारखं होतं काय? एक पलंग, एक खिडकी, हुकांचे डबे, आणि दोरीवर टांगलेले तीन दरबारी अंगरखे. त्यानं सगळं नीट पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग घाईघाईनं पुन्हा हुकांच्या डब्यांकडे.

“हे... सगळे हुक तुम्हीच लावता?”

“नाही, हुक स्वतःच येऊन बसतात.”

तो लाजला. मीही उगाच लाजले. तो डब्यातले हुक मोजायला लागला... आणि मध्येच त्याला तो आवाज ऐकू आला. बारीक, अखंड, खोलवरून येणारा.

“हा पाण्याचा पंप आहे,” मी म्हणाले. “सवय झालीय मला.”

“पंप तर आता बंद आहे. मी आलो तेव्हा खाली दोघे जण तोच दुरुस्त करत होते.”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी पलंगावर चढून भिंतीला कान लावला. त्यानं समोरून लावला. आमच्या नाकांमध्ये जेमतेम वीतभर अंतर उरलं होतं, आणि त्याचे डोळे चष्म्यामागे मोठे मोठे होत गेले.

“भिंत गरम आहे,” तो कुजबुजला.

खरंच गरम होती, ताप आलेल्या लेकराच्या कपाळासारखी. मी धावत जाऊन खिडकीतून बाहेर वाकले. सज्जाखालच्या फटीतून मधमाश्या आत-बाहेर करत होत्या. येणाऱ्यांच्या पायांना पिवळेधमक परागाचे गोळे. किती? छे! डोळा ठरत नव्हता. एक आत शिरली की दुसरी उडत होती, कुठे धक्का नाही, कुठे भांडण नाही. पोळं भिंतीच्या पोकळीत होतं, माझ्या उशीमागे. इतके दिवस मी एका अख्ख्या राज्याला पाठ लावून झोपत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता! डोळ्यांत पाणी आलं, का ते सांगता येणार नाही.

तो शेजारी येऊन उभा राहिला. आम्ही किती वेळ पाहत होतो कोण जाणे. त्याच्या बाहीवर एक माशी येऊन बसली, तर तो श्वाससुद्धा घेईना. ती उडाल्यावर म्हणाला, “माझ्यावर विश्वास ठेवला तिनं.” त्या क्षणी मी प्रेमात पडले. उगाच आढेवेढे कशाला घ्या?

म्हणूनच धीर करून विचारलं, “समजा, काकूंनी नाहीच ऐकलं... तर मी जाऊ कुठे?”

त्यानं तोंड उघडलं. मिटलं. कान लाल झाले. मी वाट पाहत राहिले...

“कोर्टाच्या आदेशाशिवाय तुम्हाला कोणीही बाहेर काढू शकत नाही,” तो म्हणाला.

हातात कात्री नव्हती म्हणून वाचला.

काकू दोनच दिवसांनी नवंकोरं कुलूप घेऊन दारात हजर झाल्या. मी त्याला बोलावलं. तो पळतच आला.

“घर माझं आहे!” काकू कडाडल्या.

“तुमचंच आहे, काकू,” तो शांतपणे म्हणाला. “नवा करार करायचा की नाही, हेही तुम्हीच ठरवायचं. पण लेखी कळवा, मुदत पाळा, आणि वाद झाला तर कोर्टात जा. राहत्या माणसाच्या दाराला कुलूप लावू नका.”

काकूंचा आवाज आणखी चढणार होता. मी त्यांचा हात धरला. “काकू, कारखाना बघायचाय ना? या.” त्यांचा तळवा मी भिंतीवर टेकवला.

त्यांनी हात झटकन मागे घेतला. मग हळूच, स्वतःहून, पुन्हा टेकवला. मी खिडकीतून फट दाखवली. काकू बराच वेळ वाकून पाहत राहिल्या. कुलूप पलंगावर कधी ठेवलं, त्यांनाही कळलं नसावं.

“अगं बाई...” त्या पुटपुटल्या. “माझं लग्न होऊन मी या घरात आले, आणि मला घर कळलंच नाही की गं.” मग नेहमीच्या सुरात म्हणाल्या, “आणि मेल्या एवढ्या जणी फुकट राहतायत!”

तिघंही हसलो. मधपाळाकडून पोळं जिवंतच बागेत हलवायचं ठरलं, धूर करून मारायचं नाही ही काकूंची अट. “तुझ्यावर उगाच आळ घेतला,” असंही त्या म्हणाल्या, भिंतीकडे बघत. नव्या करारावर त्यांनी सही केली, साक्षीदार म्हणून त्यानंही केली.

मी त्याला पोचवायला कोपऱ्यापर्यंत गेले. खोली वाचली होती, पण मनात रुखरुख होती. आता हा कशाला येईल?

तो एकदम थांबला. “त्या दिवशी तुम्ही विचारलंत, जाऊ कुठे. मला म्हणायचं होतं... माझ्याकडे या. लग्न करून.”

“मग म्हणाला का नाहीत?” माझा आवाज रस्त्याच्या त्या टोकाला गेला असेल.

“तेव्हा तुमच्याकडे दुसरी जागा नव्हती. नाही म्हणणं अवघड गेलं असतं तुम्हाला. हो म्हणाला असतात, तरी ते माझ्यासाठी की छपरासाठी, तुम्हालाच कळलं नसतं.” त्यानं चष्मा काढला, उगाच पुसला. “आता करार तुमच्या नावावर आहे. आता विचारतो.”

दादानं, वहिनीनं, सगळ्यांनी जीव लावून मला हो म्हणायला शिकवलं होतं. मला नाही म्हणता यावं म्हणून कोणी अशी जीभ चावून गप्प बसेल, हे कधी स्वप्नातही आलं नव्हतं.

“नाही म्हणाले तर?” मी विचारलं.

“तर... वर जा. दार लावा. निवांत झोपा. तुमचं घर आहे.” तो खरंच सांगत होता.

माझं घर मागे होतं, दिवा लावलेला. मी वळून एकदा पाहिलं, आणि त्याचा हात हातात घेतला.

“हो,” मी म्हणाले. “तुझ्यासाठी.”