नेपच्यूनच्या जागी झोपडी

नेपच्यूनच्या नेमक्या जागी कुणीतरी झोपडी बांधून बसलं होतं!

तिने कपाळावर हात मारला. ती शाळेत विज्ञान शिकवायची. पुस्तकातल्या चित्रात सगळे ग्रह एकमेकांना खेटून बसलेले. मुलांना खरी अंतरं कळावीत म्हणून ती संगणकावरच्या एका आभासी जगात सूर्यमाला उभारत होती. मीटरभर रुंद सूर्य, शंभरेक मीटरवर हरभऱ्याएवढी पृथ्वी, आणि पार तीन किलोमीटरच्या पुढे, ओसाड माळावर नेपच्यून. तिथेच ही झोपडी! दारात एक गलेलठ्ठ घुबड.

त्या जगात प्रत्येकजण प्राणी होऊन वावरायचा. ती होती ‘खारूताई’.

“घर जरा हलवाल का?” तिने टाइप केलं. “इथे ग्रह यायचाय.”

“त्यापेक्षा सूर्यच थोडा सरकवा ना,” घुबडाचं उत्तर आलं.

“सूर्य सरकवला तर सगळंच सरकेल!”

“बरं, हलवतो. पण एक अट. मी तुम्हाला नुसतं खार म्हणेन. ताई म्हणायची माझी तयारी नाही.”

ती खुर्चीत एकटीच खुदकन हसली...

झोपडी हलली, घुबड काही हललं नाही. रोज संध्याकाळी मदतीला हजर! तो खऱ्या जगात चष्मे बनवायचा, त्यामुळे बारीक कामाला हात बसलेला. शनीची कडी तिच्याकडून सारखी वाकडी व्हायची, ती त्याने सरळ करून दिली. मग अंतरं तपासायला दोघं सूर्यापासून चालत निघायची. पृथ्वी, मंगळ पटापट मागे पडायचे. गुरूनंतर मात्र नुसतं माळरान.

“इतकं रिकामं असतं होय?” त्याने एकदा विचारलं.

“असतंच.”

“मग सोबत हवीच कुणाची तरी.”

तिची खार घुबडाच्या जरा जवळून चालू लागली.

शाळेचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलं. “त्या दिवशी मुलांना नेपच्यूनची माहिती तुम्ही माइकवर सांगा ना,” तिने लिहिलं. “नाहीतर सरळ शाळेतच या.” सोबत पत्ताही दिला. “तुमचा आवाज तरी ऐकू दे मला.”

घुबड दुसऱ्या दिवशी फिरकलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

“आवाज ऐकवत नाही म्हणजे घरात बायको असणार,” वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाली.

“तुझं आपलं काहीतरीच!” ती म्हणाली खरी, पण उठून पुन्हा एकदा संगणकात डोकावलीच.

प्रदर्शनाच्या दिवशी मुलं पडद्यावर चालत गुरूपर्यंत पोचली, तेवढ्यात संगणकाच्या खोलीचं दार किलकिलं झालं. एक उंच तरुण आत आला, पावसाने खांदे भिजलेले.

“मी... घु–घु...” त्याने डोळे मिटले. “घुबड.”

तिच्या हातातला खडू निसटला.

“टाइप करताना... अ–अडखळत नाही. बोलताना असं. म्हणून माइक... न–नको वाटला.”

“एवढंच?”

“म्ह–म्हणजे?”

“अहो, मला वाटलं तुमचं लग्न झालंय!”

ती इतक्या मोठ्याने बोलली की सगळा वर्ग वळून बघायला लागला. तिचे कान लालबुंद झाले. आणि तो हसला, अगदी मनापासून. हसताना तो कुठेच अडखळला नाही.

मुलं घरी गेल्यावर दोघं पायऱ्यांवर बसली. आपलं वाक्य लोक घाईने पुरं करून टाकतात, त्याचाच जास्त त्रास होतो, असं तो सांगत होता. मग एकदम थांबला.

“मला तुम्ही... आ... आ...”

पुढचा शब्द तिला ठाऊक होता. अगदी ओठांवर आला होता! पण ती गप्प राहिली, त्याच्याकडे बघत. छपरावरून पाणी ठिबकत होतं. शिपाईमामा एकेक वर्ग बंद करत पुढे गेले...

“आवडता,” तो म्हणाला.

तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

“मलाही,” ती म्हणाली. “कधीपासून!”