ओढ्यापासून पन्नास मीटर

दार लोटून घ्या पोरांनो, आणि ते फोन पालथे ठेवा. मध्येच कुणी "काका फेकतायत" म्हणालं तर उठून जाईन. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या साहेबावर गुदरलेली आहे आणि टेपचं टोक धरायला मीच असायचो.

साहेब सरकारी मोजणीदार. ऑफिसात त्याला सगळे 'बिनचूक' म्हणायचे. ओढ्याकाठचं रान राखीव ठरलं, तेव्हा मोजणी आमच्याकडे आली. नियम सरळ होता. ओढ्याच्या काठापासून पन्नास मीटरच्या आत घर नको, चूल नको, दिवस मावळल्यावर माणूस नको. नियमाला मी नावं ठेवत नाही. रान वाचायलाच हवं होतं. पण शेवटच्या टप्प्यात काटेरी झुडपं आली, वर भर दुपारचं ऊन. साहेब झाडाखाली बसला आणि अंदाजाने आकडा लिहून मोकळा झाला. चव्वेचाळीस मीटर. आमच्या धंद्यात असं चालतं, सांगायला लाज वाटते. त्या आकड्याने एका म्हातारीचं घर हद्दीच्या आत आलं.

तिने ऑफिसात सात खेपा घातल्या. "बाबा, एकदा येऊन टेप लाव. टेप म्हणेल तर मी आपण होऊन उठते."

"आजी, नकाशा बिनचूक आहे," साहेब म्हणाला.

घर पाडलं. आठव्या दिवशी ती उघड्या जोत्यावर मेलेली सापडली. मला सगळं ठाऊक होतं, तरी मी तोंड उघडलं नाही. अजून जीव जळतो माझा.

गेल्या वर्षीची अकरा फेब्रुवारी, मंगळवार. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब पक्क्या नकाशावर सही करणार होते. त्यानंतर काही बदलत नाही. तिच्या जोत्यापलीकडचा हद्दीचा दगड तेवढा रोवायचा राहिला होता. वाटेत चाक पंक्चर झालं आणि पोहोचेपर्यंत रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली.

टेपचं टोक जोत्यापाशी धरायचं माझं काम. पण मी पहार आणायला गाडीकडे गेलो होतो. साहेबाला वाटलं, मी जागेवर आहे. ओढ्याच्या काठावरून तो ओरडला, "शून्य धरलंस का रे?"

मी ओ देणार, तोच...

"धरलंय, बाबा. वाच."

बाईचा आवाज. जोत्याकडून.

मी धावत साहेबाजवळ आलो. टेप ताठ होती. अंधारात सरळ गेलेली. साहेबाने बॅटरी टेपवर धरली. त्याने वाचलं...

एकसष्ट.

घर बाहेर होतं. अकरा मीटर बाहेर.

"साहेब, लिहा," मी म्हणालो. "अजून सही व्हायचीय."

खरं लिहिलं, तर घर पाडल्याचं प्रकरण त्याच्यावरच शेकणार होतं.

"लिही," ती म्हणाली.

त्याने वही उघडली. लिहिलं. मी वाकून पाहिलं...

चव्वेचाळीस.

मग अंधारातून...

"बरं."

एवढंच. टेप सैल पडली. झुडपातून पावलं आली. आमच्या अगदी जवळून गेली. थांबली नाहीत. रस्त्याला लागली... साहेबाच्या घराच्या दिशेने.

घर नऊ किलोमीटरवर. घरात तो आणि त्याची आई, दोघंच. मी त्याला दारापर्यंत सोडलं. आई शांत झोपली होती. "भास रे," तो म्हणाला आणि कडी लावली.

पहाटे मला बोलावणं आलं. घर जोत्यापर्यंत सपाट झालं होतं. शेजाऱ्यांनी साधा आवाजही ऐकला नव्हता. साहेब ढिगाऱ्याखाली होता. आई तेवढी खाटेवर, उघड्या आभाळाखाली, अजून झोपेत. अंगावर खरचटलंसुद्धा नव्हतं.

पुढे लोक म्हणाले, पाया कच्चा होता. असेल. पण मी ढिगाऱ्यावर चढून पाहिलंय, पोरांनो. विटांवरून चुन्याची एक पांढरी रेघ गेली होती. दोरी लावून हद्द आखावी तशी सरळ. खाटेपाशी येऊन ती वळली होती, आईला बाहेर ठेवून पूर्ण वळसा घालून पुन्हा सरळ पुढे गेली होती.