बर्फीच्या पाठीवर हात

केळीचे वेफर्स.

डाळ मिलचा भोंगा.

कुत्रीची ओली जीभ.

सेमिनारमध्ये, ऐन वाक्याच्या मधोमध, बंद पडलेला माझा आवाज.

"चावती का ओ ही?"

पहिल्या दिवसाचं एवढं आठवतं; हे शेवटचं वाक्य हरिओमचं. लातूरच्या आमच्या कॉलेजात, समुपदेशनाच्या खोलीच्या दारात तो उभा होता आणि बर्फी त्याची पिशवी हुंगत होती.

"चावत नाही," मी म्हणाले. "वेफर्स खाते."

"मंग तिलाच देतो. तुम्हाला न्हाई."

"मागितले कुणी?"

"डोळ्यानं मागून राहिल्या की."

मी हसले. आवाज निघाला... म्हणजे चालू होता.

बर्फी ही समुपदेशनासाठीच तयार केलेली लॅब्रॅडॉर कुत्री. समुपदेशक राजश्री मॅडमच्या गटात नियम एकच: तिच्या पाठीवर हात ठेवायचा, जे सांगायचं ते तिलाच. बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं, उत्तर द्यायचं नाही. हरिओम तिला सांगायचा, गावाकडं अर्धापूरला केळीच्या बागेत झोप लागते, हॉस्टेलवर लागत नाही. मी आधी नुसता हात ठेवायचे. मग एखादं वाक्य. मग पुष्कळ. त्याचा हात तिच्या कानामागे, माझा मानेवर — मधलं अंतर कमी होत गेलं. बर्फीनं कुणाला सांगितलं नाही.

शेवटच्या बैठकीला पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"बर्फे, नांदेडला एमएस्सीला नंबर लागला," हरिओम म्हणाला. "उद्या जातो."

आज बोलले नाही तर हा जाणार — आणि मी माझ्या गावच्या, मुरुडच्या एसटीत खिडकीला सगळं सांगत बसणार. नको. मी हात ठेवला.

"तू मला लई आवडतोस."

आवाज कुठंच अडकला नाही. बर्फीनं जांभई दिली. मॅडम मूळच्या मराठीच्या प्राध्यापिका, सवयीनं म्हणाल्या, "पुनम, आवडतेस. बर्फी 'ती' आहे."

"हाव मॅडम. माहीत हाय मला."

कुणीतरी खोकलं. हरिओमचे कान लाल. त्यानं मला थेट उत्तर देणं नियमात बसत नव्हतं. त्यानं बर्फीच्या पाठीवर हात ठेवला — खरं तर माझ्या हातावर.

"बर्फे, तिला सांग, व्याकरण बरोबर हाय. अन् दर शनिवारी मी लातूरला येणार हाय."

"बर्फे, त्याला म्हणावं... रविवारी पण."

गेल्या वर्षी जूनमध्ये, गट सुरू करताना, मॅडमनी कॉलेजकडे मागितलं होतं ते मांजर; त्याच्या पाठीवर दोन हात मावले नसते.