सुनेचा पायगुण

"पाय पहिल्यांदा कधी दुखला, आजी? खरं सांगा," डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि छातीवर तारा चिकटवलेल्या सिंधुबाई म्हणाल्या, औंदाच्या दिवाळीपासनं. खोटं बोलायची सवय नसली की साधं खोटंही घशात अडकतं. दाराशी उभ्या असलेल्या सुनेकडे, वृषालीकडे, त्या एकदाही बघत नव्हत्या.

वृषाली तरी कुठे हौसेनं आली होती! नवऱ्याला, सूरजला, लोणी देवकरच्या कारखान्यातून सुट्टी मिळेना, म्हणून ती सासूला बारामतीला घेऊन आली होती. पायाची रक्तवाहिनी तुंबलेली, ऑपरेशन ठरलेलं; पण त्याआधी हृदय ताण सोसेल का ते बघायचं होतं. इतरांना त्यासाठी चालत्या पट्ट्यावर चालवतात. सिंधुबाईंना पन्नास पावलांत पोटरी धरून बसावं लागे, म्हणून त्यांच्यापुढे हातानं फिरवायची पायडलं ठेवली होती.

तीन वर्षांपूर्वी, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, जोडप्याला घेऊन त्या मोरगावला दर्शनाला गेल्या आणि देवळाच्या वाटेवर मध्येच मटकन बसल्या. तुमी या जाऊन, म्हणाल्या. सासूला आपण पसंत नाही, अशी गाठ नव्या नवरीनं तिथंच मनाशी बांधली. पुढे घरात भांडण कधी झालं नाही. पण दोघींचं बोलणं मीठमिरचीपुरतं उरलं, आणि लेकीची हौस असलेल्या सिंधुबाईंचं काळीज आतल्या आत किती तुटलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक...

पायडलं फिरू लागली. दर दोन मिनिटांनी ती जड होत गेली. पण आयुष्यभर कडबाकुट्टीचं चाक फिरवलेली बाई ती, घामाघूम झाली तरी हात थांबेनात. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. हृदयाची काही तक्रार नाही, ऑपरेशन करता येईल, म्हणाल्या. पण रक्तवाहिनी एका वर्षात एवढी तुंबत नाही, तेव्हा सुनेसमोर सांगायचं नसेल तर तिला बाहेर थांबू दे.

वृषाली बाहेर जायला वळली. तिची ती पाठ बघून मात्र सिंधुबाईंचा धीर सुटला.

"थांब पोरी. मोरगावात बसले ना, तवापासनं दुखतोय."

वृषाली दारातच थबकली. "मग तवाच का न्हाय सांगितलं, आत्या?"

"नवी नवरी उंबरा वलांडून आली आन् दुसऱ्याच दिवशी सासूनं अंथरूण धरलं, म्हणल्यावर गावानं तुझ्या पायगुणाला नाव ठिवलं असतं. माझं दुखलं तर दुखू दे... तुला कुणी बोलाय नको."

ज्या माउलीचा आपण तीन वर्षं राग केला, ती आपल्याच अब्रूसाठी कळा सोसत होती! वृषालीनं ओढणीनं सासूचा घाम पुसला, आणि पुसता पुसता त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ती पोटभर रडली. सिंधुबाई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. इतकं सुख त्यांना कितीतरी दिवसांनी लाभलं होतं.

एसटी स्टँडपर्यंत वाटेत तीनदा बसावं लागलं, आणि तिन्ही वेळा वृषाली शेजारी टेकली. स्टँडवर गावची ठमाबाई भेटली. तिच्या कानावर सकाळी पडलेलं संध्याकाळपर्यंत वेशीबाहेर जातं. सिंधूला हे दुखणं कधीपासनं लागलं, तिनं विचारलं. सिंधुबाई ऊन किती पडलंय ते सांगू लागल्या.

वृषालीनं त्यांचा हात घट्ट धरला. "माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासनं, मावशी," ती म्हणाली. "गावात सांगा खुशाल."