तात्यांच्या टॉर्चचा सेल

ही घटना शंभर टक्के खरी आहे. खोटी असती तर मी तिला मध्यरात्र दिली असती, बाहेर एखादं कुत्रं रडवलं असतं.

पण झालं ते भर दुपारी. जेवणं आटोपलेली, भांडी घासून पालथी घातलेली, पंखा फिरतोय, अशा वेळी. जागा आमच्याच घरातली, मागची खोली. मी पूर्ण शुद्धीत होतो. याबद्दल घरात मतभेद आहेत. त्यावर येतोच.

मागच्या खोलीत माझे सासरे राहायचे. सगळे त्यांना तात्या म्हणत. जन्मभर लांब पल्ल्याची बस चालवलेला माणूस. निवृत्तीनंतर त्यांना दुपारची झोप येईना, म्हणून मी माझा जुना कॉम्प्युटर त्यांना दिला. मला नवा घ्यायचा होता, हे तेव्हा बोललो नाही. त्यावर ते पत्त्यांचा एकट्याचा डाव लावत बसायचे.

थोड्याच दिवसांत तक्रार आली.

"जावईबापू, पडदा मिटतो."

"मिटतो म्हणजे?"

"चालता चालता काळा होतो. मशीन चालू, खालचा निळा दिवा चालू, आणि पडदा काळा ठिक्कर."

मी बघायला गेलो तो संध्याकाळी, माझी झोप आणि चहा झाल्यावर. मॉनिटर लख्ख चालू. पुन्हा तक्रार, पुन्हा संध्याकाळी तपासणी, पुन्हा लख्ख.

"तात्या, मॉनिटरला धाड भरलेली नाही. चष्मा पुसा."

त्यांनी चष्मा पुसला. त्यानंतर तक्रार केली नाही.

मग एका दुपारी बायको त्यांना पाणी द्यायला गेली आणि दारातच थबकली. मला खुणेनं बोलावलं.

तात्या कॉम्प्युटरसमोर बसले होते. पडदा काळा... पूर्ण काळा. डाव्या हातात त्यांचा बोटभर लांबीचा टॉर्च, काचेजवळ तिरका धरलेला. उजवा हात माउसवर. आणि चेहऱ्यावर हसू.

"तात्या, काय बघताय?" बायकोनं विचारलं.

"बदामची छक्की कुठे दडलीये ते."

"अहो, पण पडदा बंद आहे."

"हेडलाइट गेले म्हणून रस्ता जात नाही, बाळ."

बायको स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली.

डॉक्टर झाले. वय, विसर, भास वगैरे बोलणं झालं. दुपारच्या जेवणानंतर एक गोळी ठरली. बायको ती रोज स्वतःच्या हातानं द्यायची.

टॉर्च काढून घेतला असता तर तात्या चिडले असते. म्हणून मी डोकं चालवलं. टॉर्च तसाच ठेवला, आतला सेल तेवढा काढला. हॉलमधलं घड्याळ बंदच पडलं होतं, त्यात घातला. एका दगडात दोन पक्षी. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.

"जावईबापू, टॉर्चचा सेल संपला वाटतं."

"आणतो," मी म्हणालो.

काही दिवसांनी त्यांनी पुन्हा आठवण केली.

"आणतो की."

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. गोळीनं ते दुपारी खुर्चीतच पेंगायचे. असेच एकदा पेंगले ते उठलेच नाहीत. टॉर्च हातात होता.

"शेवटी शेवटी त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं," बायको म्हणायची. "एका परीनं सुटले." मी मान डोलवायचो. त्या वाक्यावर तिला रात्री झोप लागायची.

मग तो आवाज सुरू झाला.

दुपार होती. मी आडवा पडलो होतो. हॉलमधल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

आणि ती थांबली...

मागच्या खोलीतून आलं.

टक्.

...टक्.

कुणीतरी टॉर्चचं बटण दाबत होतं.

उठून गेलो. खोली रिकामी. टॉर्च टेबलावर, ठेवला तसाच. हॉलमध्ये परतलो तर घड्याळ पुन्हा चालू... पण मागे पडलेलं.

रोजच असं होऊ लागलं.

"या घड्याळाचा सेल बदला हो," बायको म्हणायची.

"आणतो," मी म्हणायचो, आणि माझा मीच दचकायचो.

वाटलं, तो मॉनिटरच घरातून घालवावा. शेजारच्या प्लंबरला मुलीसाठी हवाच होता. देण्याआधी चालतोय का बघावं म्हणून सुरू केला. पहिल्यांदाच, दुपारी.

लख्ख लागला. थोड्या वेळानं पाठीमागून तापला. आणि पडदा मिटला.

मशीन चालू. खालचा निळा दिवा चालू.

वायर हलली असेल म्हणून मोबाइलचा दिवा लावून मी मागे वाकलो. उठताना उजेड तिरका काचेवर पडला...

चित्र होतं.

अगदी पुसट, पण सगळं जागच्या जागी. काचेमागचा दिवा तेवढा तापून विझला होता. संध्याकाळी गार झाला की पुन्हा लागणार. माझ्या चहानंतर.

तात्यांना भास होत नव्हते. ते नुसते पत्ते खेळत होते.

मी प्लग उपटला. निळा दिवा विझला. आता खरोखर काहीच चालू नव्हतं. जाता जाता, का कोण जाणे, काचेवर पुन्हा उजेड टाकला...

अर्धा डाव मांडलेला होता.

बदामची छक्की हळूच सरकली... आणि काळ्या सत्तीवर जाऊन बसली.

माउसवर माझा हात नव्हता. कुणाचाच नव्हता.

पुढची चाल होईना. मी मोबाइलचा उजेड तसाच धरून ठेवला. आणि अगदी कोपराशी...

टक्.

त्यांना माझा उजेड नको होता. आपला टॉर्च हवा होता.

प्लंबरला सांगितलं, मॉनिटर बिघडलाय. "मग भंगारात घाला की काका," तो म्हणाला. "बघू," मी म्हणालो.

बायकोला सांगायला हवं होतं. पण काय सांगू? की तुझे वडील शेवटपर्यंत शहाणे होते? शहाण्या माणसाला तू हातानं गोळ्या दिल्यास, आणि त्याचा उजेड मी घड्याळात घातला? मग तिनं रात्री कोणत्या वाक्यावर झोपायचं?

मी मला झेपेल तेवढं केलं. घड्याळातला सेल काढून टॉर्चमध्ये घातला. दुपारी बायको पडली की मागच्या खोलीत जायचं, तात्यांच्या खुर्चीत बसायचं आणि काळ्या काचेवर तिरका उजेड धरायचा. डाव पुढे सरकायचा. टकटक थांबली. एकदा डाव पुरा सुटला, तेव्हा मला हसूसुद्धा आलं.

दारात बायको उभी होती.

"हॉलमधलं घड्याळ का बंद आहे ते विचारायला आले," ती म्हणाली. मग तिनं पडद्याकडे पाहिलं. भिंतीपासून हातभर लांब लोंबणाऱ्या प्लगकडे पाहिलं. "अहो... काय बघताय?"

खरं बोललो असतो तर मी शहाणा ठरलो असतो, आणि तात्याही.

"काही नाही," मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून बराच वेळ नळाचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर तिनं माझ्या तळहातावर गोळी ठेवली. ओळखीची होती. दुसऱ्या हातानं पाण्याचा पेला पुढे केला. मी गोळी गिळली.

मग मागच्या खोलीत गेलो आणि टॉर्चचं बटण दाबलं.

टक्.

उजेड पडला नाही.

...टक्.

हॉलमध्ये घड्याळ टिकटिक करत होतं.

"टॉर्चचा सेल संपला वाटतं," मी हाक मारून म्हणालो.

"आणते," ती तिकडून म्हणाली.

त्याला बरेच दिवस झाले. स्वतःच जाऊन आणावा म्हणतो, पण गोळीनं दुपारी डोळे मिटतात. खुर्चीतच. मला जाग येते ती टकटकीनं, आणि टॉर्च माझ्याच हातात असतो.

तिला आठवण करून द्यायला हवी. पण तात्यांनी दोनदा विचारलं होतं.

मी अजून दुसऱ्यांदा विचारलेलं नाही.